कडा कापलेलं कार्ड

(नाणी, तिकिटं आणि जुने कागद जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, बेसबॉलची जुनी कार्डं. पलीकडे क्षणभर शांतता. मग जपून प्रश्न आला, "आपल्याकडे कुणी खेळतं का हो ते?" नाही खेळत. मलाही त्या खेळातलं बेताचंच कळतं. बावीस वर्षं न्यू जर्सीत काढली, शेजाऱ्यांमुळे जे कानावर पडलं तेवढंच. पण इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी शाळेत असताना बबलगमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रं जमवली असतील आणि दिवाळीच्या साफसफाईत आईनं ती रद्दीत घातली असतील. आजच्या विषयाला एवढं भांडवल पुरे.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची रंगीत चित्रं घालत असे. जाड कागदामुळे पाकीट चेपायचं नाही, आणि संच पुरा करायच्या नादात गिऱ्हाईक पुन्हा तीच सिगारेट मागायचं. कार्ड काडेपेटीहून थोडं मोठं, संचात पाचशेवर कार्डं. त्यातलं एक पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं. मागे नारिंगी रंग, मधोमध भांग पाडलेला गंभीर चेहरा, खाली आडनाव आणि गाव. गावाच्या स्पेलिंगात शेवटचा 'एच' नाही. ही छपाईची चूक नव्हे, तेव्हा सरकारदरबारीच तसं लिहीत.

वॅग्नरच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली. का, ते दोन तऱ्हांनी सांगतात. एक, पोरांनी कार्डासाठी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून त्यानं हरकत घेतली. दोन, कंपनीनं त्याला पैसे दिले नव्हते. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे पहिली कथा ऐकताना मला जरा खोकला येतो. कारण काहीही असो, आज जगात या कार्डाच्या साधारण पन्नास-साठ प्रती उरल्यात.

बाजारात त्याला 'टी दोनशे सहा वॅग्नर' म्हणतात. हा क्रमांक कंपनीचा नाही. सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक नावाच्या माणसानं तो दिला. संधिवातानं बोटं वाकडी झालेला हा एकटा गृहस्थ कारखान्यात नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात छापील कचरा जमवायचा. १९३९ साली त्यानं सगळ्या अमेरिकन कार्डांची सूची काढली. 'टी' म्हणजे टोबॅको. पुढे तीन लाखांवर चिठोऱ्या त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकल्या आणि वर्षानुवर्षं तिथं बसून स्वतःच्या हातानं वह्यांत चिकटवल्या. हो, चिकटवल्या! आजच्या लिलाववाल्याला हे सांगा, त्याला घेरी येईल.

आता तुम्ही म्हणाल, दुर्मीळ म्हणून महाग, त्यात काय विशेष? तर मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड बघा. टॉप्स या च्युइंगगम कंपनीनं १९५२ साली मोठा संच काढला. शेवटची खेप बाजारात आली तोवर हंगाम सरत आलेला, माल पडून राहिला. साय बर्गर या टॉप्सच्याच माणसानं सांगितलेली हकिकत अशी, की १९६० साली त्यानं उरलेल्या पेट्या कचऱ्याच्या तराफ्यावर चढवल्या आणि न्यू जर्सीपासून दूर समुद्रात बुडवल्या. मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड याच खेपेतलं. त्यातली एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावघराकडे १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. मालकानं ती १९९१ साली ५० हजारांना घेतली होती.

गंमत अशी, की हे मँटलचं पहिलं कार्ड नव्हे. पहिलं १९५१ चं, बोमन कंपनीचं, आणि ते कितीतरी स्वस्त मिळतं. शिवाय ३११ क्रमांक छपाईच्या तावावर दोनदा बसवलेला होता, म्हणजे त्या खेपेतल्या बहुतेक कार्डांपेक्षा तो जास्तच छापला गेला. हजारावर प्रती आजही आहेत. मग १ कोटी २६ लाख कशाचे? त्या प्रतीला मिळालेल्या साडेनऊ गुणांचे.

गुण, म्हणजे ग्रेड. तुम्ही कार्ड ग्रेडिंग कंपनीकडे पाठवता. तिथला माणूस भिंगाखाली कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की नाही ते बघतो, दहापैकी गुण देतो आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करतो. या पेटीला स्लॅब म्हणतात. पीएसए ही यातली मोठी कंपनी, १९९१ ची. एका गुणाच्या फरकानं किंमत दुप्पट, पाचपट, कधी दहापट होते. त्यामुळे लोक कार्डाकडे नंतर बघतात, आधी वरची चिठ्ठी वाचतात.

इथं माझी फजिती सांगतो. आमच्या भागात शनिवार-रविवारी शाळेच्या जिममध्ये कार्डांचा बाजार भरायचा. तिथं एका विक्रेत्याकडून मी १९५५ चं टॉप्सचं एक कार्ड घेतलं, १४० डॉलरला. खेळाडू फार नावाजलेला नव्हता, पण कोपरे असे, की बोटाला टोचावेत. खूश होऊन ग्रेडिंगला पाठवलं. दीड महिन्यानं परत आलं, साध्या पाकिटात, बिनगुणाचं. सोबत एकच शब्द: 'ट्रिम्ड'. कुणीतरी झिजलेली कड पात्यानं कापून कोपरे नवे केले होते. मी पट्टी लावली. उंची केसभर कमी भरली. मग भिंग घेतलं. जुनी कार्डं कारखान्यात जाड गठ्ठ्यानं कापली जायची, त्यामुळे त्यांच्या कडेला बारीक लव असते, रुईच्या कापसासारखी. माझ्या कार्डाच्या तीन कडांना ती होती. चौथी कड मात्र आरशासारखी गुळगुळीत.

आता पुन्हा वॅग्नरकडे. सगळ्यात प्रसिद्ध प्रत १९८५ साली बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्यानं २५ हजार डॉलरला घेतली आणि दोनच वर्षांनी १ लाख १० हजारांना विकली. १९९१ साली सदबीजच्या लिलावात ती आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजारांना घेतली. त्याच वर्षी पीएसएनं तिला ८ गुण दिले, पेटीवर अनुक्रमांक एक. पुढे वॉलमार्टच्या एका सोडतीचं बक्षीस म्हणून ती फ्लोरिडातल्या, पोस्टात नोकरी करणाऱ्या एका बाईंना लागली. बक्षिसावर कर भरावा लागतो, तो झेपेना, म्हणून बाईंनी कार्ड लगेच लिलावात काढलं. १९९६ साली क्रिस्टीजमध्ये ६ लाख ४० हजार, २००० साली ईबेवर १२ लाख ६५ हजार, २००७ साली २८ लाख. लक्ष्मी आली ती दारातूनच परत गेली, असं त्या बाईंना वाटलं असेल का, हा विचार मला नेहमी येतो.

या सगळ्या काळात व्यापाऱ्यांत कुजबुज होतीच: शंभरी गाठत आलेल्या सिगारेटच्या कार्डाला इतके धारदार कोपरे कसे? २०१३ साली मॅस्ट्रोनं न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्यात हेही होतं, की कार्डाच्या बाजूच्या कडा त्यानंच कापल्या होत्या. म्हणजे माझ्या १४० डॉलरच्या कार्डाला बिनगुणाचं घरी पाठवणारा नियम त्या लाखमोलाच्या कार्डाला लागला नव्हता. नियम भिंगाचा असतो आणि भिंग माणसाच्या हातात असतं.

मॅस्ट्रोला २०१५ साली वीस महिन्यांची शिक्षा झाली, पण ती कडा कापल्याबद्दल नव्हे. मधल्या काळात तो मोठं लिलावघर चालवत होता आणि तिथं खोट्या बोल्या लावून भाव चढवले जायचे. हळदीचे सौदे बघत मोठ्या झालेल्या मंडळींना हे मी काय समजावणार! फरक एवढाच, की अड्ड्यावर खोटा गिऱ्हाईक निदान उभा दिसतो. इथं बोली संगणकावर, नावं गुप्त, आणि शेवटच्या मिनिटाला कुणी आकडा वाढवला की घड्याळ पुन्हा मागे. रात्री दोन वाजता तुम्ही एकटे जागे असता आणि समोरचा माणूस खरा आहे की नाही, ते तुम्हाला कळत नाही. शिवाय बोलीवर वीसेक टक्के लिलावघराची दलाली. मँटलच्या १ कोटी २६ लाखांतले २१ लाख दलालीचेच.

सह्यांचा बाजार याहून वाईट. नव्वदीच्या दशकात एफबीआयनं खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या, त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन बुलपेन'. जप्तीत बेसबॉलचे असे चेंडू सापडले, ज्यांवर मदर तेरेसांची सही होती. कोलकात्यात बेसबॉलवर सह्या करत बसलेल्या मदर तेरेसा डोळ्यांपुढे आणा. तरी घेणारे असणारच, म्हणून तर कुणीतरी ते बनवले.

आणि तरीही आकडे चढतातच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बेब रूथ या बेसबॉलपटूची १९३२ च्या वर्ल्ड सीरिजमधली, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेतली जर्सी २ कोटी ४१ लाख डॉलरला गेली. तीच जर्सी त्या मालिकेतली, हे कशावरून? जुन्या छायाचित्रांतली शिलाई आणि अक्षरांची जागा ताडून बघतात. म्हणजे पुन्हा भिंग, पुन्हा कुणाचा तरी शब्द. वॅग्नरच्याच दुसऱ्या एका प्रतीला, कोपरे गोल झालेल्या, सुरकुतलेल्या, जेमतेम ३ गुणांच्या, २०२१ साली ६६ लाख मिळाले. पुढच्या वर्षी २ गुणांची एक प्रत साडेबहात्तर लाखांना गेली. ८ गुणांच्या त्या प्रतीचे २८ लाख २००७ चे, त्यामुळे तुलना सरळ नाही, हे मान्य. पण मला विचाराल तर मी ती सुरकुतलेलीच घेईन. शंभर वर्षांत कार्डावर जे व्हायचं ते तिच्यावर झालेलं उघड दिसतं.

माझं ते १९५५ चं कार्ड मी टाकलं नाही. आज बरोबर आणलंय. पहिल्या रांगेपासून फिरवतो, भिंगही देतो. तीन कडांची लव बघा, मग चौथी बघा. आणि हो, पेटीत नाहीये ते, तेव्हा चहाचे कप जरा लांब ठेवा.