हातकडीतला हिशेबनीस

नमस्कार. आत्ता आपण सगळ्यांनी मिळून 'मिडनाइट रन' पाहिला. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हसून हसून पुरेवाट झाली, पण शेवटी गळा का दाटून आला कळेना." मला आज त्याच 'का'बद्दल बोलायचं आहे.

ज्यांना यायला उशीर झाला त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. जॅक वॉल्श हा शिकागोचा माजी पोलीस. आता तो लॉस एंजेलिसमध्ये जामीन चुकवून पळालेल्यांना पकडून आणायचं काम करतो. जोनाथन मार्डुकस ऊर्फ ड्यूक हा हिशेबनीस. आपला मालक गुंडांचा म्होरक्या आहे हे कळल्यावर त्याने मालकाचे दीड कोटी डॉलर काढले आणि दानधर्मात वाटून टाकले. त्याचा जामीन भरणाऱ्याचे साडेचार लाख डॉलर शुक्रवारी मध्यरात्री बुडणार आहेत. वॉल्शने त्याला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आणलं तर एक लाख मिळतील. मागे एफबीआय, गुंड आणि वॉल्शच्याच धंद्यातला प्रतिस्पर्धी मार्विन. पटकथा जॉर्ज गॅलोची, दिग्दर्शन मार्टिन ब्रेस्टचं, साल 1988.

मारधाडीच्या चित्रपटात विनोद बहुतेक वेळा पानात डाव्या बाजूला वाढलेल्या लोणच्यासारखा असतो. दोन पाठलाग झाले, जीभ बधिर झाली, की जरा चाटायचं. इथे तो भातातच कालवलेला आहे, वेगळा काढता येत नाही. आणि याचं कारण ड्यूकच्या पेशात आहे. तो हिशेबनीस आहे. हातात बेडी असली तरी त्याचं वही तपासायचं काम थांबत नाही. सिगारेट का ओढता? हे असलं का खाता? शिकागोच्या पोलिसांचा तुमच्यावर राग का? या पैशांचं काय करणार? वॉल्श म्हणतो, कॉफी शॉप काढणार. त्यावर ड्यूक शांतपणे सांगतो की हॉटेलचा धंदा फार बेभरवशाचा, मी तुमचा हिशेबनीस असतो तर नको म्हणालो असतो. वॉल्श खेकसतो, तू माझा हिशेबनीस नाहीस. आपण हसतो. पण त्या हसण्याच्या आड एका माणसाच्या आयुष्याचा जमाखर्च आपल्यासमोर मांडला जात असतो, आणि खर्चाची बाजू फार मोठी निघते. वॉल्शने शिकागोत लाच घेतली नाही, त्यात नोकरी गेली, शहर सुटलं, संसार मोडला. हे सगळं तो एकदम भाषण करून सांगत नाही. ड्यूकच्या भुणभुणीला वैतागून एकेक नोंद त्याच्या तोंडून निसटते.

आता शिकागोच्या घरातलं दृश्य बघा. ते मी मुद्दाम दोनदा लावायला सांगितलं होतं. तिथे हे दोघे पोचतात कसे? मार्विन एक फोन करून वॉल्शचं क्रेडिट कार्ड बंद पाडतो. ही चेष्टाच आहे, आपण तिच्यावर हसलो. पण तिचा परिणाम असा की खिशात दमडी नसलेल्या माणसाला नऊ वर्षांनी आधीच्या बायकोचं दार वाजवावं लागतं. ती आता दुसऱ्या पोलिसाची बायको आहे. दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपतं. आवाज चढतात, आणि मुलगी खोलीत येते. सगळे गप्प. वॉल्शला काय बोलावं कळत नाही, तो तिला इयत्ता विचारतो. आठवी. आपल्याच मुलीची इयत्ता विचारणारा बाप! निघताना ती मागून धावत येते आणि लोकांची मुलं सांभाळून साठवलेले पैसे त्याच्यापुढे धरते. त्याला ते घेववत नाहीत. आणि या सबंध वेळात, सतत बोलणारा ड्यूक जवळजवळ गप्पच असतो. इतका वेळ ज्याच्या बोलण्यावर हसलो, तो गप्प बसल्यावर त्या शांततेचं वजन आपल्याला कळतं. विनोदाची ती कमाई आहे.

इंग्रजीत 'यू' एकच असतो. हाच चित्रपट मराठीत करायचा झाला तर ड्यूक 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी येईल, याचा मी बरेच दिवस विचार करतोय. माझं मत आहे, त्या घरातून निघून गाडीत बसल्यावर. त्याआधी नाही.

पाठलाग, नदी, हेलिकॉप्टर हे सगळं चोख आहे, पण त्यावर मी वेळ घालवत नाही. मालगाडीच्या डब्यातल्या दृश्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. दोघे एकमेकांवर भयंकर चिडलेले असतात आणि दृश्य संपेपर्यंत त्यांच्यात जवळीक यायला हवी असते. ब्रेस्टने ड्यूकचं काम करणाऱ्या चार्ल्स ग्रोडिनला सांगितलं, वॉल्श झालेला रॉबर्ट डी नीरो हसेल असं काहीतरी तूच काढ. ग्रोडिनने जो अचाट प्रश्न विचारला तो तुम्ही आत्ता ऐकलात. डी नीरोचा चेहरा बघा. तो हसू दाबायचा प्रयत्न करतो आणि हरतो. तणतणणाऱ्या माणसाचं कवच एका प्रश्नाने तडकलेलं आपल्याला प्रत्यक्ष दिसतं. याच कामासाठी घातलेल्या हातकड्यांचे व्रण मनगटावर कायमचे राहिले, असं ग्रोडिनने पुढे सांगितलं होतं.

बारमधलं दृश्यही तसंच. वॉल्शने एफबीआयच्या माणसाचं ओळखपत्र ढापलेलं आहे, त्याच्या जोरावर दोघे खोट्या नोटा शोधायच्या बहाण्याने वीस-वीसच्या नोटा उचलतात. वाटेल त्याला सचोटीचे धडे देणारा ड्यूक इथे असं बेमालूम सोंग वठवतो की वॉल्श बघतच राहतो. माणूस दिसतो तेवढाच नसतो, हे वॉल्शला तिथे पहिल्यांदा उमगतं. आपल्यालाही.

आणि ते घड्याळ. चालत नाही, तरी वॉल्श ते हातावरून काढत नाही, सारखं हलवून कानाला लावतो. पहिल्या अर्ध्या तासात ही नुसती लकब वाटते. मग कळतं की लग्नाआधी बायकोनेच ते दिलं होतं. ती परत येईल ही आशा त्याने मनगटाला बांधून ठेवली आहे. शेवटी विमानतळावर तो ड्यूकला सोडून देतो, आणि तेच घड्याळ त्याच्या हातात ठेवतो. ड्यूक कमरेचा पट्टा सोडून वॉल्शला देतो, त्यात तीन लाख डॉलर. ही लाच नव्हे, भेट आहे, असं तो आवर्जून सांगतो, कारण कुणाला काय म्हटलेलं चालेल हे आता त्याला पाठ आहे. बाहेर येऊन वॉल्श टॅक्सीवाल्याला हजाराचे सुटे मागतो. टॅक्सीवाला त्याला हाकलून देतो. वॉल्श पायी निघतो.

प्रोजेक्टर अजून चालू आहे. शेवटची पाच मिनिटं पुन्हा लावू या. या वेळी वॉल्शच्या डाव्या-उजव्या दोन्ही मनगटांकडे नीट बघा, मग प्रश्न विचारा.