मारणारे तर ओळखीचेच असतात

नमस्कार मंडळी. शेतातून नुकते घरी परतलेले बंधू, चुलीपुढे बसलेल्या आयाबहिणी, आणि पानठेल्यावर रेडिओ ऐकत उभी असलेली पोरं, सगळ्यांनाच माझा नमस्कार.

मी एसटीत कंडक्टर होतो. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांमधून अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडली. आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. आपल्या डोळ्यांदेखत कुणा परक्या माणसाला मार बसत असेल, तर आपण मधे पडायचं की नाही?

आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं. "कायले पडतं मंधात?" असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक वेळा ती आपली आई असते, नाहीतर बायको असते. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात सोडवायला गेलेल्याच्याच डोक्यात बंडीच्या उभारीचा दांडा बसलेला तिनं पाहिलेला असतो. ती भीती खरी आहे, आणि तिला भित्रेपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण 2018 चा पावसाळा आठवा. मोबाइलवर फिरत होतं की पोरं पळवणारी टोळी आली आहे. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ती बातमी आमच्या गाडीत सगळ्यांनी वाचली होती, हळहळलेही होते. आणि पंधरा-वीस दिवसांनी आमच्याच रस्त्यावरच्या एका गावात तेच सुरू झालं.

बाजाराचा दिवस होता. गाडी फाट्यावर लागली होती. चादरी विकणारा एक माणूस, तिशीचा असेल, भाषा आपली नाही. त्यानं एका लेकराच्या हातात गोळी दिली, खायची, लिमलेटची. कुणीतरी ओरडलं. बघता बघता पंधरा-वीस पोरं जमली. पहिली थापड बसली, मग बुक्क्या, मग कुणीतरी बंडीतली तुतारी, बैल हाकायची काठी, आणली. त्याचा चादरींचा गठ्ठा चिखलात पडला. बाजारात दोन-अडीचशे माणूस असेल. सगळे बघत होते. मीही गाडीच्या पायरीवर उभा राहून बघत होतो. हातात तिकिटाचं मशीन होतं, खिशात फोन होता, छातीत धडधड होती. पाय काही हलला नाही.

हलली ती कोपऱ्यावर वांगी विकणारी एक म्हातारी. तिनं तराजू खाली ठेवला आणि सरळ त्या घोळक्यात शिरली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. नावं घेत गेली. "गजा, सोड त्याले. पंक्या, तुह्या मायले बोलवू काय? अरे अवी, काल पोळ्या खाऊन गेला ना माह्या घरून?" एकेक नाव घेतलं की एकेक हात खाली येत होता. मग ती त्या माणसाच्या शेजारी चिखलात खाली बसली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, दार उघडं ठेव. याले ठाण्यात घेऊन जाय."

तेवढ्यावर माझे पाय सुटले. मी आणि ड्रायव्हरनं त्याला उचलून गाडीत घातलं. एका मास्तरांनी ठाण्यात फोन लावला. इतका वेळ नुसती बघणारी चार माणसं दाराशी आडवी उभी राहिली. तीही मघाशी माझ्यासारखी कुणीतरी सुरुवात करण्याची वाट बघत असावीत.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकली. तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, बाबा, याच्यावर 1968 साली प्रयोग झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोघांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले शंभरातले 85 मदतीला उठले. आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटलं, तिथे फक्त 31. म्हणजे गर्दी वाढली की आपल्या वाट्याची जबाबदारी पातळ होत जाते. पण तिनं दुसरंही सांगितलं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 2019 मध्ये तीन देशांतल्या शहरांच्या रस्त्यांवरची, कॅमेऱ्यात आलेली 219 भांडणं तपासली गेली. दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मधे पडलंच होतं.

शहराचं मला ठाऊक नाही. तिथे मारणारा परका, मार खाणारा परका, बघणाराही परका. खेड्यात तसं नसतं. इथे परका असतो तो फक्त मार खाणारा. मारणारा आपल्या वळखीचा असतो. त्याच्या शेताला आपला धुरा लागून असतो, त्याच्याकडून आपण बैलजोडी मागून आणतो. म्हणूनच आपण गप्प बसतो, उद्या त्याच्याशीच गाठ आहे म्हणून. आणि म्हणूनच आपण काही करू शकतो असं मी म्हणतो. शहरातल्या माणसाला मारणाऱ्याचं नाव घेऊन हाक मारता येत नाही. आपल्याला येते. जमावात शिरलेल्या पोराला वाटतं, आपल्याला कुणी बघत नाही. नाव ऐकलं की तो पुन्हा कुणाचा तरी मुलगा होतो.

नाव माहीत असणं पुरतं असं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 च्या संध्याकाळी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तिथे सगळे एकमेकांना नावानं ओळखत होते. गाव पुढे आलं नाही. जिथे जात आडवी येते, तिथे शेजारीही परका केला जातो. हे विदर्भाच्या माणसानं विसरू नये.

आणि कधी धावूनही माणूस वाचत नाही. हिंगणघाटला 3 फेब्रुवारी 2020 च्या सकाळी नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला एका माणसानं पेटवून दिलं. आजूबाजूचे लोक आग विझवायला धावले. आठवड्यानं नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. पण त्या धावलेल्या माणसांचं धावणं वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही.

पोलिसांच्या लफड्याचं भय फार आहे, म्हणून कायद्याचं थोडं सांगतो. स्वतःचा जीव वाचवायचा हक्क आपल्याला आहे, तसाच दुसऱ्याचा, अगदी अनोळखी माणसाचाही जीव वाचवायचा हक्क आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आहे. मर्यादा अशी की वाचवायला लागेल तेवढंच बळ वापरायचं. मारणारा पळाला की मागे लागून त्याला झोडपायचं नाही. गंभीर गुन्हा करताना डोळ्यांसमोर धरलेल्या माणसाला अडवून ठेवता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावं लागतं. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. मारहाणीत मात्र साक्ष लागू शकते. कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याला तारखेला जाणं जड जातं, मजुरी बुडते. ते मी लपवणार नाही.

मारणाऱ्याच्या हातात हत्यार असेल तर रिकाम्या हातानं आत शिरू नका. लांबून हाक मारा, पाच माणसं गोळा करा, 112 लावा, जखमीसाठी 108. गाडी असेल तर दार उघडं ठेवा. आमच्या पंधरा-वीस पोरांना थांबवायला ताकद लागली नव्हती. त्यांनी तोवर कुणाचा आवाज ऐकला नव्हता, एवढंच.

पुढच्या बाजारी त्या म्हातारीनं चादरींचा गठ्ठा माझ्या गाडीत आणून टाकला. धुऊन, वाळवून, पुन्हा बांधलेला. मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "त्याले मी वळखत नव्हती. पण मारणारे तं माहेच होते ना."

चार दिवसांनी तो माणूस डेपोत गठ्ठा न्यायला आला. एक डोळा अजून सुजलेला होता. चादरी मोजल्या, एक काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, त्या माईला द्या. तिचं नाव काय, त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. ज्या बाईनं गावातली सगळी नावं घेतली, तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं. चादर घेऊन मी पुढच्या बाजाराची वाट बघत राहिलो.