पहिली खेप : ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या

(दृश्य : उसाचं रान, सकाळ. भरलेली ट्रॉली. ट्रॅक्टरची पुढची चाकं जवळून.)

ही पुढची चाकं बघा. ड्रायव्हरनं क्लच सोडला, मागचे मोठे टायर काळ्या मातीत रुतून ओढ घ्यायला लागले आणि पुढची दोन्ही चाकं वीतभर वर आली. स्टिअरिंग त्याच्या हातात आहे, पण आत्ता ते कितीही फिरवलं तरी ट्रॅक्टर वळणार नाही. त्यानं लगेच क्लच दाबला. चाकं टेकली. पुन्हा प्रयत्न, या वेळी सावकाश.

हा पोरगा ट्रॅक्टरवरच वाढला. नांगरट, रोटर, सरी सोडणं, सगळी कामं त्याच्या अंगवळणी पडली आहेत. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कारखाना गाठायची ही त्याची पहिलीच वेळ. बांधावर उभे आहेत ते त्याचे चुलते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. आधी बैलगाडीनं आणि नंतर ट्रॅक्टरनं, तात्यांचं आयुष्य ऊस वाहण्यात गेलं.

हा कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या काठचा. पुरानं आणून टाकलेला गाळ आणि खोल काळी जमीन, त्यामुळं ऊस जोमात येतो. तोडलेला ऊस रानाबाहेर काढायची वेळ आली की हीच जमीन चाकं सोडत नाही. दसरा-दिवाळी उलटली की कारखान्यांची धुराडी पेटतात, बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून तोडणीच्या टोळ्या उतरतात आणि उन्हाळा लागेपर्यंत इथल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते.

(दृश्य : टोळी ऊस भरते आहे. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणारी बाई.)

भरणीला सुरुवात होण्याआधी ट्रॉलीच्या तळाला हे वायररोप आडवे टाकलेले दिसतायत ना, ते विसरून चालत नाही. कारखान्यात क्रेन त्यांनाच धरून अख्खा ढीग उचलते. त्यावर मोळ्यांचे थर. खालचे थर दाबून, कडेचा ऊस आतल्या बाजूला कललेला. एका अंगाला ओझं जास्त झालं तर रस्त्याच्या कडेला चाक उतरताच ट्रॉली त्याच अंगाला झुकते. म्हणून तात्या भरणीच्या वेळी स्वतः उभे राहतात आणि दर थराला ट्रॉलीच्या मागं जाऊन एक डोळा मिटून बघतात.

आता वजनाचा हिशोब. ट्रॅक्टर स्वतः अडीच टनांच्या आतबाहेरचा. मागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस. म्हणजे ओढणाऱ्याच्या सात-आठ पट ओझं मागं.

हा आकडा किती मोठा आहे ते समजायला एक परदेशी दाखला देतो. ब्रिटनमध्ये लोक सुट्टीला जाताना मोटारीमागं कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून नेतात. पहिल्यांदा ओढणाऱ्याला तिथं सल्ला देतात की मागचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या पुढं जाऊ देऊ नका. ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. शिवाय जोड तुटलाच, तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक वायर मोटारीला अडकवलेली असते. सुट्टीच्या सामानासाठी एवढी तजवीज. आमच्या उसाच्या ट्रॉल्यांना ती का नसावी, हा प्रश्न आम्ही हा माहितीपट करायला घेतला तेव्हापासून डोक्यात आहे.

(दृश्य : हूक, दांडी, पिन. हात जवळून.)

जोडणी. चित्रीकरणात सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथंच थांबलो, कारण खरं काम इथं आहे.

ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकात बसते. वरून जाड लोखंडी पिन. पिनच्या खालच्या टोकाला खिट्टी, म्हणजे खड्ड्यातनं जाताना पिन उडून बाहेर येणार नाही. ही खिट्टी बोटभर लांब, तारेची. ती हरवली की बरेच जण खिळा वाकवून घालतात, कुणी बाइंडिंग वायर गुंडाळतं. तात्यांच्या खिशात दोन जादा खिट्ट्या कायम असतात.

पिनचीही तपासणी. तात्या पिन बाहेर काढून नखानं चाचपतात. मधोमध जिथं दांडीचं भोक घासतं तिथं पिन झिजून बारीक होते आणि एक कंगोरा लागतो. कंगोरा नखाला लागला की पिन भंगारात. त्यानंतर साखळी. दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत वेगळी साखळी, पिन तुटली तरी ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून.

(तात्यांचा आवाज : "पिन घातली म्हणून उठू नको. खाली वाकून बघ. खिट्टी दिसली का? मग उठ.")

हूक किती उंचीवर आहे यावर पुढच्या चाकांचं सगळं गणित ठरतं. ओढ जितकी खालून, तितकं ट्रॅक्टरचं नाक जमिनीला धरून राहतं. मागच्या आसाच्या वर ओढ लागली की पुढचा भाग उचलतो, आणि ड्रायव्हरनं क्लच वेळेत दाबला नाही तर ट्रॅक्टर मागं उलटून त्याच्याच अंगावर येतो. पुढच्या बंपरला अडकवलेली ही लोखंडी वजनं त्यासाठीच आहेत.

(दृश्य : गावाबाहेरचं पटांगण. रिकामी दोनचाकी ट्रॉली. रिव्हर्सचा सराव.)

ही दृश्यं आधीची, हंगाम सुरू व्हायच्या आतली. तात्यांनी पोराला थेट रस्त्यावर नेलं नाही. आधी शेणखताची दोनचाकी ट्रॉली लावून पटांगणात मागं घ्यायला लावली. मागं घेताना सगळं उलटं. स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं की ट्रॉली डावीकडं जाते. घाबरून जास्त फिरवलं की ट्रॉली आणि ट्रॅक्टर कात्रीसारखे मिटतात आणि दांडी टायरवर येते. इथं तसंच झालं बघा. पुन्हा पुढं, सरळ, आणि परत मागं.

(तात्यांचा आवाज : "हात स्टिअरिंगच्या खालच्या अंगाला धर. ट्रॉली जिकडं न्यायची तिकडं हात ने. डोकं लावू नको.")

इथून पुढं त्याचं जमायला लागलं. हात तळाला धरला की हाताची दिशा आणि ट्रॉलीची दिशा एक होते. जगभर ट्रेलर ओढणारे हीच युक्ती वापरतात.

याच ट्रॉलीत खत मागच्या बाजूला भरून तात्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. ओझं मागं गेलं की ट्रॉली उलाळ होते, दांडी हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन जागेवरच फिरतात. पुढं थोडं जास्त, मागं थोडं कमी, हे बैलगाडी भरणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टरवर वाढलेल्या पिढीला ते शिकवायला लागतं.

उसाच्या ट्रॉल्या चारचाकी. पुढचा आस फिरता असल्यामुळं त्या मागं घेताना एकाऐवजी दोन ठिकाणी मुडपतात. दोन ट्रॉल्या असल्या की चार ठिकाणी. जुने ड्रायव्हरसुद्धा तेव्हा मागची ट्रॉली सोडून ठेवतात आणि एकेक करून लावतात. म्हणून रस्त्यावर निघण्याआधी वळायची जागा कुठं आहे ते माहीत असावं लागतं. मागं घेऊ, ही सोय इथं नाही.

(दृश्य : रानातून ट्रॉली बाहेर काढताना. दोन ट्रॅक्टर.)

आता परत रानात. एका ट्रॅक्टरला ट्रॉली हलेना, तेव्हा शेजारच्या शिवारातला ट्रॅक्टर पुढं लावून टोचन केलं. दोघांनी एकाच वेळी क्लच सोडायचा असतो. एकानं आधी हिसका दिला की मधली साखळी ताणून तुटते, आणि तुटलेली साखळी कुठं जाईल याचा नेम नसतो. म्हणून बघ्यांना तात्यांनी आधी लांब पिटाळलं. पाचट तुडवत, चिखल उडवत ट्रॉली बांधावर आली. पहिली रस्त्याला उभी केली, मग दुसरी.

(दृश्य : पाय, ब्रेकची दोन पेडलं.)

रस्त्याला लागायच्या आधी ही कडी. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डावं डाव्या चाकाचं, उजवं उजव्या चाकाचं. सरीच्या टोकाला एकच पेडल दाबलं की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं या कडीनं एकत्र अडकवावी लागतात. कडी राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो आणि मागचे वीस टन सरळ येत राहतात.

या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. थांबवायचं ते सगळं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. म्हणून उताराला ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर अजिबात नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आहेत, आणि ते आम्हाला रस्त्यात दिसले. ट्रॉलीला ब्रेक बसवणं ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. ओझ्यानं दांडी दाबली गेली की आपोआप लागणारे ब्रेक इतरत्र कितीतरी वर्षं वापरात आहेत. ऊस वाहतुकीचे करार दर हंगामाला होतात. त्यात ही अट घालायला काय अडतं?

(दृश्य : नृसिंहवाडीकडून येणारा रस्ता. वळण. पूल.)

वळण घेताना ट्रॅक्टर आधी बाहेरच्या अंगानं पुढं जातो, मग वळतो. कारण मागची ट्रॉली पुढचीच्या चाकोरीतनं येत नाही, ती आतून कापते. आतल्या बाजूला सायकल, दुचाकी, एखादं म्हातारं माणूस असेल तर ड्रायव्हरला ते दिसतही नाही. आरसे आहेत, पण भरलेला ऊस ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. या वळणावर पोरानं पूर्ण थांबून, मान वळवून बघितलं. मागून हॉर्न वाजले. त्यानं घाई केली नाही. ट्रॅक्टरवरचा टेप तात्यांनी आधीच काढून घेतला होता, म्हणून ते हॉर्न त्याला ऐकू तरी आले.

(दृश्य : संध्याकाळ, मग रात्र. मागच्या ट्रॉलीचा मागचा भाग.)

दिवस मावळल्यावर ही ट्रॉली मागून कशी दिसते, ते आम्ही मोटारसायकलवरून टिपलं. लांबून काहीच नाही. नुसता अंधार. जवळ आल्यावर एकदम उसाची भिंत. दर हंगामाच्या सुरुवातीला पोलीस, आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, या ट्रॉलीलाही पट्टी लावलेली आहे. पण बाहेर आलेली उसाची टोकं तिच्यावर लोंबकळतात, उरलेल्या जागेवर चिखल बसतो. मागच्या दिव्याची वायर दोन ट्रॉल्यांच्या मधल्या जोडात तुटते आणि हंगामभर तशीच राहते. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून ड्रायव्हर मदत आणायला जातो. अशा ट्रॉलीवर मागून धडकून गेलेल्या दुचाकीस्वारांच्या बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतात.

ट्रॅक्टरचं लायसन्स काढताना मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडून कुणी चाचणी घेत नाही. ज्याला तात्या आहेत तो शिकतो. ज्याला नाहीत तो रस्त्यावर शिकतो. हंगामाआधी कारखान्यांनी आपल्याच आवारात, आपल्याच वाहतूकदारांच्या ड्रायव्हरांसाठी चार दिवस काढले तर त्याला फारसा खर्च नाही. मोकळी जागा आहे, ट्रॉल्या आहेत, आणि शिकवायला तात्यांसारखी माणसं गावोगाव आहेत.

(दृश्य : कारखान्याचं आवार. ट्रॅक्टरांच्या रांगा. वजनकाटा. क्रेन.)

नंबर लागला तेव्हा रात्र बरीच झाली होती. काट्यावर दोन्ही ट्रॉल्या सरळ रेषेत घ्यायला लागतात, तेही त्यानं एकदाच पुढं घेऊन जमवलं. क्रेननं वायररोप धरून ढीग उचलला आणि गव्हाणीत, म्हणजे ऊस कारखान्यात नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, सोडला.

परतीला ट्रॉल्या रिकाम्या. ओझं उतरलं की ड्रायव्हर ट्रॅक्टर पळवतात, आणि रिकामी ट्रॉली खड्ड्यात उडून दांडीला हिसके देते. तात्यांनी आवारातच खाली वाकून दोन्ही खिट्ट्या परत बघितल्या. एक वाकली होती, ती बदलली. पट्ट्यांवरचा चिखल फडक्यानं पुसला. आणि दुसऱ्या दिवशीच्या खेपेला ते ट्रॅक्टरवर बसले नाहीत, मोटारसायकल घेऊन मागून निघाले, अंधारात ट्रॉली किती लांबून दिसते ते स्वतः बघायला.