लेव्हल एकच, मग हातात पगार वेगळा का? नर्सिंग ऑफिसरची पेस्लिप ओळीओळीने

[टेबलावर पेस्लिपची प्रिंट, हातात पेन. थेट कॅमेऱ्याकडे बघून.]

नमस्कार. माझी मावसबहीण मुंबईत केंद्र सरकारच्या एका रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर म्हणून लागली. पहिला पूर्ण पगार झाला त्या रात्री तिचा फोन आला. मला वाटलं पेढे कधी देते ते सांगायला केला असेल, तर बाईसाहेब रडकुंडीला आलेल्या. "ताई, माझे तेरा-चौदा हजार कापलेत गं. माझ्याच बॅचची मैत्रीण, एकाच दिवशी रुजू झालो, तिला पूर्ण आले. आमची लेव्हल एकच आहे ना?"

लेव्हल एकच होती. बेसिकही तेच. आणि तिचे पैसे कुणी कापलेही नव्हते. मग गेले कुठे, ते आज बघू. तिची स्लिप नाही दाखवणार, तिनं शपथ घातलीय. त्याच पदाचा नमुना मी कागदावर मांडलाय.

[स्क्रीनवर पे मॅट्रिक्सचा तक्ता]

हा सातव्या वेतन आयोगाचा पे मॅट्रिक्स, १ जानेवारी २०१६ पासूनचा. आडव्या ओळीत लेव्हल, १ ते १८. केंद्रात नर्सिंग ऑफिसर लेव्हल ७ ला लागते. त्या रकान्याचा पहिला आकडा ४४,९००, शेवटचा १,४२,४००. जाहिरातीत "वेतन ४४,९०० ते १,४२,४००" छापलेलं असतं ना, ते हेच. बऱ्याच मुलांना वाटतं, मुलाखतीत चांगलं बोललो तर मधला एखादा आकडा मिळेल. नाही हो. पहिल्यांदा सरकारी नोकरीत येणारा पहिल्याच घरात बसतो.

जुनी मंडळी अजूनही "जीपी किती?" असंच विचारतात. जीपी म्हणजे ग्रेड पे, लेव्हल यायच्या आधी पदाचा दर्जा सांगणारा आकडा. सहाव्या आयोगात या पदाचा ग्रेड पे ४,६०० होता. तेव्हाचा सुरुवातीचा पगार १७,१४०, त्याला २.६२ ने गुणलं आणि शंभरात बसवलं की ४४,९००. म्हणजे सिस्टर जेव्हा "मी शेहेचाळीसशेवाली" म्हणतात, तेव्हा लेव्हल ७ च सांगत असतात.

आता हे ४४,९०० म्हणजे बेसिक, मूळ वेतन. अख्खा पगार नव्हे. हे बी आहे, बाकीचं झाड यातून उगवतं.

[पेनने पहिली ओळ दाखवत]

डीए. महागाई भत्ता. मी जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के दर धरलाय. ४४,९०० वर २६,०४२ रुपये. कामगार ब्यूरोच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून हा वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी आणि जुलै. घोषणा मात्र उशिरा होते, म्हणून मधल्या महिन्यांचे एरिअर्स एकदम येतात. त्या महिन्याचा पगार बघून ईएमआय ठरवू नका. माझ्या ओळखीत एकानं ठरवलाय, आणि तो पुढच्या महिन्यापासून मित्रांचे फोन उचलत नाही.

एचआरए. घरभाडं. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हा फक्त बेसिकवर निघतो, डीए त्यात धरत नाहीत. दोन, शहर बघून ठरतो. शहरांचे तीन वर्ग: एक्स, वाय, झेड. डीए ५० टक्क्यांना पोचला तेव्हा, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, दर ३०, २० आणि १० टक्के झाले. एक्स वर्गात देशभरात आठच शहरं, त्यातली आपली मुंबई आणि पुणे. नागपूर, नाशिक, कोल्हापूर वाय वर्गात. मुंबईला ३० टक्क्यांनी १३,४७०. नागपूरला ८,९८०. झेड वर्गातल्या गावात ४,४९०.

थांबा. १३,४७०. "तेरा-चौदा हजार कापले" म्हणाली होती ना?

तिला आवारातलं क्वार्टर मिळालं होतं. सरकारी घर घेतलं की एचआरए बंद. वर लायसन्स फी, म्हणजे त्या घराचं सरकारी भाडं, कापतात, पण ती किरकोळ असते. मैत्रीण बाहेर भाड्यानं राहते, म्हणून तिला एचआरए. आता स्लिपकडे नीट बघा. डावीकडे जमा, उजवीकडे वजावट. ती रक्कम उजवीकडे कुठेच नव्हती, कारण ती डावीकडे आलीच नव्हती. "कापलं" आणि "मिळालंच नाही" यात फरक आहे. तक्रार घेऊन बिल क्लार्ककडे जाण्याआधी कोणत्या बाजूला खड्डा आहे ते पाहिलं, की निम्मी भांडणं वाचतात.

पुढे चला. ट्रान्सपोर्ट अलाउन्स. लेव्हल ३ ते ८ ला मोठ्या शहरात ३,६०० आणि त्यावर डीए, म्हणजे ५,६८८. बाकी ठिकाणी १,८०० आणि त्यावर डीए. गंमत अशी, की या मोठ्या शहरांची यादी एचआरएच्या यादीपेक्षा वेगळी आहे. नागपूर एचआरएला वाय वर्गात, पण ट्रान्सपोर्टला मोठं शहर. आणि अख्खा कॅलेंडर महिना रजेवर असाल तर हा भत्ता त्या महिन्याला मिळत नाही. बाळंतपणाच्या रजेत पगार "अचानक" पाच-साडेपाच हजारांनी उतरतो, तो यामुळे. कुणी सांगत नाही आणि त्या काळात बिचारीला स्लिप बघायची उसंतही नसते.

नर्सिंग अलाउन्स आधी ७,२०० होता. डीए ५० टक्क्यांना पोचला की असे भत्ते २५ टक्क्यांनी वाढतात, म्हणून आता ९,०००. गणवेशाचा भत्ता १,८०० होता, तो २,२५०. या दोन्हींवर डीए नाही.

[बेरीज लिहीत]

४४,९००, २६,०४२, १३,४७०, ५,६८८, ९,०००, २,२५०. झाले १,०१,३५०. हा ग्रॉस. थंबनेलवर लाल अक्षरात "नर्सचा पगार एक लाख!!" म्हणून येतो तो हा आकडा. खोटा नाही, पण तो बँकेत येत नाही.

आता उजवी बाजू. सगळ्यात जाड ओळ एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेची. बेसिक अधिक डीए, त्याचे १० टक्के: ७,०९४. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना ही लागू. या ओळीवर लोक सगळ्यात जास्त चिडतात आणि मला त्याचं थोडं वाईट वाटतं. कारण तुमच्या ७,०९४ च्या जोडीला सरकार १४ टक्के, म्हणजे ९,९३२ रुपये तुमच्याच खात्यात टाकतं. महिन्याला सतरा हजार तुमच्या नावावर जमा होतात आणि आपण फक्त गेलेले सात हजार मोजतो. पैसे शेअर बाजारावर अवलंबून राहतात, जुन्या पेन्शनसारखी हमी नाही, ही तक्रार मात्र रास्तच आहे. एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा, म्हणजे एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला, त्यात हमी आहे, पण २५ वर्षं सेवा झाली तरच पूर्ण. कापले जाणारे १० टक्के दोन्हीकडे सारखेच.

बाकीच्या ओळी पटकन. सीजीएचएस, म्हणजे केंद्राची आरोग्य योजना, ६५०. गटविमा ६०. महाराष्ट्रात व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. इन्कम टॅक्स? वर्षाचे १२,१६,२००, त्यातून ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन गेली की ११,४१,२००. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करमाफी आहे, म्हणून शून्य. पण कड फार लांब नाही. दोन-तीन इन्क्रिमेंट आणि डीएचे एक-दोन हप्ते, की कर सुरू.

एकूण वजावट ८,००४. हातात ९३,३४६. क्वार्टरमध्ये राहणारीला ७९,८७६, त्यातून लायसन्स फी.

[पेन खाली ठेवत]

आता वाढ कशी होते बघा, कारण मॅट्रिक्समधला आकडा इथे फसवतो. वर्षाला एक घर खाली उतरायचं, साधारण ३ टक्के. ४४,९०० चे ४६,२००. "फक्त तेराशे?" नाही. तेराशेवर डीए ७५४, एचआरए ३९०. एकूण २,४४४. एनपीएस वजा केला की हातात साधारण २,२४० वाढतात. बी वाढलं की झाड वाढतं ते असं.

उलट प्रमोशन. सीनियर नर्सिंग ऑफिसर, लेव्हल ८. सुरुवात ४७,६०० पासून. पण समजा तुम्ही लेव्हल ७ ला ५२,००० वर आहात. आधी तिथेच एक काल्पनिक इन्क्रिमेंट देतात, ५३,६००. मग लेव्हल ८ च्या रकान्यात तोच आकडा शोधतात. तिथे ५३,६०० आहेच. झालं, तुमचं बेसिक ५३,६००. इतकी वर्षं वाट बघून मिळालेल्या प्रमोशनचं फळ बेसिकमध्ये १,६००. जबाबदारी मात्र अख्ख्या वॉर्डची. एका सिस्टरनं मला विचारलं होतं, "म्हणजे मला फक्त चाव्यांचा जुडगा वाढवून मिळाला का?" मला उत्तर सुचलं नाही. फायदा आहे, पण तो पुढे दिसतो, वरच्या लेव्हल खुल्या होतात तेव्हा.

राज्य सरकारची मंडळी म्हणत असतील, आमचं काय? आपल्याकडे लेव्हलला एस लावतात, एस-१ पासून. अधिपरिचारिका एस-१३, सुरुवात ३५,४००. आरोग्य सेविका एस-८, २५,५००. औषध निर्माण अधिकारी एस-१०, २९,२००. वैद्यकीय अधिकारी गट अ एस-२०, ५६,१००. स्लिप वाचायची रीत हीच, पण भत्ते वेगळे. म्हणून केंद्राची स्लिप बघून जिल्हा रुग्णालयातल्या पगाराचा अंदाज बांधू नका. आणि त्याच वॉर्डात, तीच नाइट ड्यूटी करणारी एनएचएमची, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी सिस्टर या तक्त्यात कुठेच नाही. तिला एकत्रित मानधन. ना डीएची घोषणा तिच्यासाठी, ना एरिअर्स. पगाराच्या दिवशी स्टाफरूममध्ये ती गप्प का असते, ते आता कळलं असेल.

कमेंटमध्ये रोज विचारतात, आठव्या आयोगात पगार अडीचपट होणार का? न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमलाय. आकडे येतील तेव्हा येतील, पण गेल्या वेळचं गणित सांगते. तेव्हा फिटमेंट फॅक्टर, म्हणजे आधीपासून नोकरीत असलेल्यांच्या जुन्या पगाराला गुणायचा आकडा, २.५७ होता. (मघाचा २.६२ हा लेव्हल ७ चा सुरुवातीचा आकडा ठरवतानाचा.) लोक नाचले. पण त्या आधीच डीए १२५ टक्के झाला होता. म्हणजे १०० रुपये बेसिकवाल्याच्या हातात २२५ येतच होते. ते २५७ झाले. खरी वाढ १४ टक्क्यांच्या आसपास, आणि डीए पुन्हा शून्यापासून. तेव्हा कुणी नुसता फिटमेंट फॅक्टर सांगितला, की आधी विचारायचं, त्या दिवशी डीए किती असेल?

आणि हो, बहिणीचं राहिलंच. तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं मैत्रिणीला भाडं विचारलं. अठरा हजार, वर डिपॉझिट, आणि नाइट संपवून लोकलनं घरी. बहीण वॉर्डातून पाच मिनिटांत क्वार्टरवर पोचते. दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणीनं क्वार्टरसाठी अर्ज दिला. वेटिंग लिस्टला आहे.