तिसऱ्यांच्या अंगचं पाणी

(दृश्य: रत्नागिरी, भाट्याची खाडी. पहाटेची ओहोटी. पाण्यात वाकलेल्या बायका.)

अमावास्येचं उधाण. भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. काजळी नदी इथं समुद्राला मिळते. पाणी मागे हटलं की खाडीतला वाळू-चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पायाला काही टणक लागलं की हात खाली जातो आणि मूठ भरून वर येते. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्या! थोड्या वेळानं बाजारात त्यांचे वाटे लागतील, दुपारी कुणाच्या तरी घरी सुकं होईल आणि पहिल्याच घासाला कुणीतरी म्हणेल, "काय गोड आहेत!"

कांद्या-खोबऱ्याची गोडी वेगळी. नुसत्या मिठात उकडलेली तिसरीसुद्धा गोडच लागते. तिच्या अंगात ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, असतं खरं, पण त्याला स्वतःची अशी गोडी नाही. ही करामत आहे अमिनो आम्लांची.

(दृश्य: उघडलेली शिंपली, अगदी जवळून. ओलसर, फिकट पिवळं मांस.)

अमिनो आम्लं म्हटलं की आपल्याला प्रथिनं आठवतात, आणि ते बरोबरच आहे. प्रथिनं म्हणजे या आम्लांच्या लांबलचक साखळ्या. पण साखळीत अडकलेलं अमिनो आम्ल जिभेला कळत नाही. कळतं ते मोकळं, सुटं. ग्लायसिन आणि ॲलनिन सुटी असली की चक्क गोड लागतात. ग्लुटामेट सुटं असलं की तोंडात ती भरलेली, रेंगाळणारी चव येते. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्शातून तिचं मूळ शोधलं आणि तिला 'उमामी' हे नाव दिलं.

बोकडाच्या किंवा कोंबडीच्या मांसापेक्षा तिसऱ्या, कालवं, शिणाणे (काळसर-हिरव्या लांबट शिंपल्या), कोळंबी यांच्यात ही सुटी अमिनो आम्लं कितीतरी जास्त असतात. आपल्याला चव लागावी म्हणून कोणी ती साठवत नाही. ती साठतात मिठामुळे.

काकडीला मीठ चोळलं की तिचं पाणी सुटतं. बाहेर खारट, आत कमी खारट, म्हणून पाणी बाहेर पळतं. तिसरीच्या प्रत्येक पेशीपुढे हाच धोका असतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार, आणि तिसरीच्या अंगातलं पाणीही जवळपास तितकंच खारट. मग पेशीतही मीठ भरून घेतलं तर? नाही चालत. फार मीठ झालं की आतली विकरं, म्हणजे एन्झाइम, नीट काम करेनाशी होतात. म्हणून पेशी त्याऐवजी ग्लायसिन, ॲलनिन, प्रोलिन आणि टॉरिन साठवते. ही निरुपद्रवी मंडळी. बाहेरच्या खारेपणाला तोल देतात आणि आतल्या कामात लुडबुड करत नाहीत. टॉरिन नेमकं बघायचं तर नेहमीचं अमिनो आम्ल नव्हे आणि प्रथिनांच्या साखळीत ते बसतही नाही, पण शिंपल्यांच्या अंगात ते भरपूर असतं. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं टॉरिन ते हेच.

सुरमई-बांगड्यांनी दुसरी वाट धरली. ते आपलं रक्त समुद्राच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकंच खारट ठेवतात, त्यामुळे त्यांना एवढा साठा लागत नाही. मुशीनं, म्हणजे छोट्या शार्कनं, याच कामाला युरिया जवळ केला. मुशी शिळी झाली की या युरियाचा अमोनिया होतो, म्हणून ती नाकाला झोंबते.

(दृश्य: पावसाळा. गढूळ, दुथडी वाहणारी खाडी.)

जूनमध्ये चित्र पालटतं. नदीचा लोंढा खाडीत शिरतो आणि पाण्यातला क्षार झपाट्यानं उतरतो. आता धोका उलटा आहे, पेशी पाणी पिऊन फुगण्याचा. तिसरी आधी शिंपली घट्ट मिटून घेते. पण किती दिवस मिटून राहणार? मग साठवलेली अमिनो आम्लं ती कमी करू लागते, काही बाहेर सोडते, काही जाळून टाकते. म्हणजे गोडवा जातो तो खाडीच्या पाण्याबरोबर. व्हेनामी कोळंबीचंही हेच. कमी क्षाराच्या तळ्यात वाढवलेली कोळंबी आकारानं कितीही मोठी दिसो, चवीला फिकीच लागते.

जपानमध्ये खेकड्यावर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. संशोधकांनी उकडलेल्या खेकड्याच्या अर्कातले घटक शोधले, तेच शुद्ध रूपात एकत्र करून कृत्रिम अर्क बनवला आणि मग एकेक घटक वगळून चाखत गेले. जेमतेम डझनभर घटकांत खेकडा उभा राहिला! त्यात ग्लायसिन, ग्लुटामेट आणि आर्जिनिन महत्त्वाची. आर्जिनिन एकटं कडवट लागतं, पण या मेळ्यात ते चवीला भरीवपणा देतं. गंमत म्हणजे सोडियम किंवा क्लोराइड वगळलं की अमिनो आम्लं असूनही खेकड्याची चव उरत नाही. मीठ हवंच.

आता साखळीतल्या अमिनो आम्लांकडे येऊ. तिसऱ्यांच्या शंभर ग्रॅम मांसात साधारण 10 ते 15 ग्रॅम प्रथिनं, आणि शरीराला बाहेरून घ्यावीच लागणारी नऊही अमिनो आम्लं त्यात असतात. भाताच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं. शिंपल्यांच्या प्रथिनात ते जवळपास दुप्पट. तिसऱ्यांचा रस्सा आणि भात ही जोडी कोकणानं काही तक्ता बघून जुळवलेली नाही, पण जुळली आहे झकास.

(दृश्य: स्वयंपाकघर. विळीवर उघडली जाणारी तिसरी, खाली पातेलं.)

सुटी अमिनो आम्लं पाण्यात सहज विरघळतात. म्हणून धुवायचं ते शिंपली मिटलेली असताना. वाळू जावी म्हणून भिजवायच्या तर खाऱ्या पाण्यात. गोड्या पाण्यात त्या तोंडच उघडायला तयार नसतात. विळीवर उघडताना गळणारं पाणी खाली पातेल्यात धरायचं, वाळू बसू द्यायची आणि वरचं निवळ सुक्यात घालायचं. ते सिंकमध्ये ओतणाऱ्यांना काय म्हणावं!

पण तिसरीच्या अंगात सापडणारं प्रत्येक सुटं अमिनो आम्ल तिनंच घडवलेलं असतं असं नाही. ती दिवसभर पाणी गाळून खाते, आणि पाण्यात काय तरंगतंय यावर तिचा ताबा नसतो. 1987 च्या हिवाळ्यात कॅनडामध्ये प्रिन्स एडवर्ड बेटाजवळचे शिणाणे खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. वाचलेल्यांपैकी काहींची स्मृती कायमची अधू झाली. कारण निघालं डोमोइक आम्ल. तेही एक अमिनो आम्लच, पाण्यातल्या डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांनी बनवलेलं. त्याची रचना ग्लुटामेटशी इतकी मिळतीजुळती की मेंदूतल्या ग्लुटामेटच्या जागा ते बळकावतं आणि चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात. शिजवून ते नाहीसं होत नाही, आणि पाण्यात विरघळत असल्यानं रश्शातही उतरतं. त्या घटनेनंतर कॅनडात शिंपल्यांची या आम्लासाठीही तपासणी सुरू झाली. किलोभर मांसात 20 मिलिग्रॅमच्या वर डोमोइक आम्ल सापडलं की त्या भागातली काढणी थांबवली जाते.