दुसऱ्यांदा सापडायचं कसं?

(बचतगट आणि हस्तव्यावसायिकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

आधी ही बरणी बघा. मागच्यांना दिसत नसेल, म्हणून सांगतो. काचेची अर्ध्या किलोची बरणी आहे, आत मिरचीचं लोणचं होतं, आता तळाशी दोन चमचे उरलंय. गेल्या हिवाळ्यात एका जत्रेत घेतलं होतं. लोणचं असं की पाहुणे आले की आम्ही बरणी कपाटात मागे सरकवून ठेवायचो. संपत आल्यावर बायको म्हणाली, आणखी दोन मागवा. मागवायला बरणी फिरवून बघितली, तर लेबलावर तेल उतरलेलं आणि शाई फुटलेली. ‘गृहउद्योग’ एवढं वाचता येतंय. त्याच्या वरचं नाव गेलंय आणि खाली मोबाईल नंबरातले शेवटचे चार आकडे गेलेत. सहा आकडे आहेत माझ्याकडे. कुणाला उरलेले चार माहीत असतील तर कार्यक्रमानंतर भेटा.

त्या ताई कुठल्या गावच्या, तेही आठवत नाही. त्या रांगेत लोणच्या-पापडाचे पंधरावीस स्टॉल होते आणि सगळ्यांचे फ्लेक्स एकाच दुकानात छापल्यासारखे. पिवळ्यावर लाल अक्षरं, एका कोपऱ्यात लक्ष्मी, वर पुढाऱ्यांची रांग आणि त्या सगळ्या चेहऱ्यांच्या खाली, जागा उरली तेवढ्यात, गटाचं नाव. पुढाऱ्यांचे चेहरे माझ्या लक्षात आहेत. लोणचं त्यांनी घातलेलं नव्हतं.

आयोजकांनी मला विषय दिला ‘हस्तनिर्मित वस्तूंसाठी ब्रँडिंग’. हा शब्द ऐकला की आपल्याकडे दोन तऱ्हा होतात. काहींना वाटतं, हे मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्या मालाची चवच बोलते. काहींना वाटतं, सोनेरी अक्षरं छापली, इंग्रजी नाव ठेवलं की झालं. चव बोलते हे खरं, पण ती तोंडात असेपर्यंत बोलते. बरणी संपल्यावर बोलायचं काम लेबलाचं.

माझे वडील पेंटर होते. म्हणजे पाट्या रंगवायचे. किराणा दुकानं, दवाखाने, ट्रकच्या मागची अक्षरं, लग्नाच्या मांडवावरचं ‘सुस्वागतम्’. पाटी पूर्ण झाली की उजव्या कोपऱ्यात खाली, अगदी बारीक, स्वतःचं नाव टाकायचे. गावातले सगळेच पेंटर टाकायचे. पण वडिलांची पाटी ओळखायला लोकांना त्या कोपऱ्याकडे बघावं लागत नसे. त्यांची वेलांटी वरून येताना थोडी जास्त लांब जायची आणि शेवटी बारीक होत संपायची. बाजारपेठेतून चालताना लोक म्हणायचे, ही तुमच्या बाबांची वेलांटी. चहाच्या दुकानावर, कापडाच्या दुकानावर, सगळीकडे तीच. नवं गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, “तशी वेलांटी काढणारे तुम्हीच ना?” त्यांना ब्रँड हा शब्द माहीत नव्हता. पुढे फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम संपलं, तो भाग वेगळा.

मी डिझाईन शिकलो, लेबलं करायला लागलो, आणि बरीच वर्षं चुकीची गोष्ट करत राहिलो. सुंदर लेबल करायचो. एका गोधड्या शिवणाऱ्या गटाचं काम माझ्याकडे होतं. जुन्या लुगड्यांच्या, चौकटीच्या, फार देखण्या गोधड्या. पहिल्या वर्षी मी त्यांना निळा टॅग करून दिला. दुसऱ्या वर्षी मला स्वतःलाच तो कंटाळवाणा वाटला, म्हणून हिरवा केला आणि अक्षर बदललं. तिसऱ्या वर्षी एका स्पर्धेत बक्षीस मिळेल या नादात टॅगचा आकारच बदलला. पुढच्या प्रदर्शनात त्या गटाच्या मावशींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “दादा, गेल्या साली गोधडी नेलेली बाई काल समोरून गेली. थांबली नाही. परत आली तेव्हा विचारते, ते निळ्या चिठ्ठीवाले यंदा आले नाहीत का?”

मी फोटो काढून बक्षिसासाठी पाठवलेला टॅग माझ्या खिशात होता. बक्षीस मिळालं नाही, हे बरंच झालं.

त्या दिवशी मला जे उमगलं, तेच आज सांगायला आलोय. कारखान्यातला साबण घ्या. प्रत्येक वडी हुबेहूब. वेष्टन जरा बदललं तरी आतला माल तोच, गिऱ्हाईक फार बावरत नाही. तुमचं उलट आहे. गोधडीत या वेळी आजीचं लुगडं आहे, पुढच्या वेळी कुणा दुसरीचं. मिरची यंदा तिखट निघाली, परवा कमी. सुगडाला भट्टीत एका बाजूनं जास्त आच लागली. हातानं केलेली वस्तू दर वेळी थोडी वेगळी असते आणि लोक त्यासाठीच जास्त पैसे देतात. मग आत सगळं बदलत असताना बाहेर तरी काहीतरी न बदलणारं लागतं. तोच रंग, तेच अक्षर, तोच शिक्का, त्याच जागी. डिझायनरला कंटाळा आला तरी.

पापडाचं उदाहरण तुम्हाला माहीतच आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. आज हजारो घरांत तो पापड लाटला जातो, पण कुणी घरटी आपलं वेगळं नाव लावत नाही. पीठ केंद्रावर भिजतं, बायका ते घरी नेतात, लाटून वाळवून परत आणतात. चव पिठानं सांभाळली आणि ओळख पाकिटानं. यातलं एक सोडलं असतं तर दुसरं टिकलं नसतं. नुसतं पाकीट छान करून पिठाकडे दुर्लक्ष करणारे बरेच पाहिलेत मी. त्यांचं पहिलं पाकीट झटकन खपतं.

आता जरा कोल्हापूरला जाऊ. तिथलं उदाहरण मला जास्त छळतं.

कोल्हापुरी चप्पल लांबून ओळखू येते. वेणी, दोन्ही बाजूंचे कान, लाल गोंडा, आणि काही जोड चालताना करकरतात तो आवाज. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं शिवलेला तळ. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी ही तिची घराणी. इतकी पक्की ओळख जगात फार थोड्या चपलांना असेल. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावायचं असा कायद्याचा हक्क, तेही एकट्या कोल्हापूरला नाही. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे मिळून.

जून २०२५ मध्ये मिलानला, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये ती चप्पल मंचावर आली. वर्णनात नुसती चामड्याची सँडल. कोल्हापूर नाही, भारत नाही. इकडे गदारोळ झाला, कंपनीनं मागून मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. बरं झालं. पण मधल्या काळात सगळे विचारत होते की मानांकन असून हे कसं घडलं? मानांकन राखतं ते नाव. समोरच्यानं ‘कोल्हापुरी’ हा शब्द उच्चारलाच नाही, तर त्या कागदाचा हात त्याच्यापर्यंत पोचणं अवघड. आकार मागे राहिला उघड्यावर.

आता मला सांगा, इथे कोल्हापुरी घालून आलेले कितीजण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. ती कुणी केली ते ठाऊक असलेले हात वर ठेवा.

बघा. दुकान ठाऊक आहे. तळव्यावर दुकानाचा शिक्का आहे. जोड शिवणाऱ्याचं नाव त्यावर कुठंच नाही. गावाचं नाव जगभर गेलं आणि माणूस निनावी राहिला. प्राडावर रागावताना हेही आठवायला हवं की ही सवय आपली जुनी आहे. आता मानांकित जोडांना क्यूआर कोड लावायला सुरुवात झालीय. मोबाईल धरला की कारागिराची माहिती दिसते. चांगली गोष्ट. पण तो कागद चार दिवसांत गळून पडणार, मग?

माझ्या ओळखीच्या एका कारागिराच्या मुलीनं यावर साधा उपाय काढला. पितळेचा छोटा ठसा करून घेतला. अंगठ्याच्या नखाएवढा, त्यात आजोबांच्या आरीचं चित्र आणि घराण्याचं एक अक्षर. तळवा ओलसर असताना टाचेच्या जागी दाबायचा. सालीत कमावलेलं कातडं ठसा धरून ठेवतं. क्रोममध्ये, म्हणजे रसायनात, कमावलेल्या कातड्यावर तो असा बसत नाही, फुगून परत वर येतो. म्हणजे ठसा नीट उमटला याचा अर्थ कातडंही खरं. गिऱ्हाइकाला ती हेच सांगते, बोट फिरवून दाखवते. चप्पल झिजेपर्यंत ठसा राहतो आणि झिजली की माणूस त्याच ठशाच्या शोधात परत येतो. मी दहा वर्षं लेबलं केली. इतकं चांगलं लेबल मला एकदाही जमलं नाही.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, आमचं चामड्याचं नाही, आम्ही काय दाबायचं? पैठणीला दाबता येत नाही, तिथं सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क आहेत. पण ते रेशमाची आणि हातमागाची ग्वाही देतात. विणणारी कोण, ते तुम्हालाच कुठंतरी सांगावं लागेल. गोधडीला आतल्या कोपऱ्यात ठरलेल्या रंगाच्या दोऱ्याचे तीन टाके घाला. टोपलीला एक वीण वेगळ्या रंगाची. राखीच्या मागे रबरी शिक्का. वस्तूतच मुरलेली खूण असेल तर उत्तम, चिकटवलेली दुसऱ्या नंबरला.

आणि कृपा करून वारली माणसं थांबवा. मला वारली चित्रं आवडतात, म्हणूनच सांगतोय. ती पालघर-डहाणूकडच्या आदिवासींची, त्यांनाही मानांकन आहे. सिंधुदुर्गातल्या कोकमावर, लातूरच्या डाळीवर, पुण्याच्या मेणबत्तीवर ती फेर धरून नाचताना दिसतात. तीच गत नथीची, कोयरीची, पैठणीच्या काठाची. ‘मराठमोळं’ दिसावं म्हणून सगळे तेच लावतात आणि मग सगळे एकसारखे दिसतात. तुमच्या घरात तुमची अशी एखादी खूण असतेच. आजेसासूंच्या पाट्यावरची टाकीची नक्षी, परसातलं झाड, आईचं हस्ताक्षर. एका मसाल्याच्या पाकिटावर आम्ही सासूबाईंनी डब्यावर लिहिलेलं ‘काळा मसाला’ जसंच्या तसं घेतलं, ‘ळ’ जरा वाकडा होता तोही. त्या बाईंनी पाकीट हातात घेतलं आणि म्हणाल्या, “सांगितलं असतं तर नीट लिहिलं नसतं का!”

नावाचंही तेच. अन्नपूर्णा, गृहलक्ष्मी, माऊली, स्वाद... एका प्रदर्शनात मी तीन अन्नपूर्णा मोजल्या. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून बघा, फुकट आहे. ‘घरगुती मसाले’सारखं नुसतं मालाचं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही, आणि मिळायलाही नको, ते सगळ्यांचं आहे. एका व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, ४,५०० रुपये लागतात. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण. मसाले ३० व्या वर्गात, चपला-कपडे २५ व्या. अर्ज झाल्यावर नावापुढे टीएम लिहू शकता. गोलातलं आर मात्र नोंदणी हातात येईपर्यंत नाही, तो गुन्हा आहे. बरेचजण शोभेसाठी लावतात.

खर्चाची भीती वाटते, म्हणून शेवटी बरणीकडे परत येतो. साध्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या कागदावर तेलाचा किंवा पाण्याचा हात लागला की शाई पसरते. लेझर प्रिंट काढा किंवा वर पारदर्शक चिकटपट्टी तरी लावा. अक्षर सहा पावलांवरून वाचता आलं पाहिजे, घरातल्या चष्मेवाल्या माणसाला उभं करून बघा. खायची वस्तू असेल तर अन्नसुरक्षेचा १४ आकडी नंबर, वजन, किंमत, तारीख, घटक, हिरवा ठिपका हे सगळं यायचंच आहे. आधी त्याची जागा सोडा, मग चित्राचं बघा, नाहीतर शेवटी ते पेनानं लिहावं लागतं. आणि फोन नंबर दोन ठिकाणी टाका, एक झाकणाच्या वरच्या बाजूला. तिथं तेल उतरत नाही.

तुम्ही आणलेला माल आता या टेबलावर मांडा. पिशवीतून काढू नका, गिऱ्हाइकाला देता तसाच ठेवा. मी सहा पावलं मागे उभा राहतो. त्या हिरव्या झाकणाच्या बरणीवाल्या काकू, तुमच्यापासून सुरू करू. नाव मला इथून दिसत नाहीये, पण झाकण दिसतंय. ते कुठून मिळवलंत?