दहा बाय दहाच्या खोलीतलं अंतर

(दृश्य: धारावी, नव्वद फुटी रस्ता. कॅमेरा गल्लीत शिरतो.)

११ मार्च २०२० ला मुंबईत कोरोनाचे पहिले दोन रुग्ण नोंदले गेले. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला.

विषाणू नवा, त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती कुणाच्याच अंगात नव्हती. त्यात लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवू लागतो. नुसते खोकणारे वेगळे काढून अशी साथ आवरत नाही.

आता ही खोली पाहा. दहा बाय दहा, माणसं आठ. ‘घरीच थांबा’ म्हटलं, तरी पहाटे शौचालयाच्या रांगेत उभं राहावंच लागतं. म्हणून धारावी ज्यात येते त्या पालिकेच्या जी-उत्तर विभागानं सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेक वेळा निर्जंतुक करायला घेतली. त्यासाठी हायपोक्लोराइटचं १ टक्क्याचं द्रावण लागतं: ५ टक्क्यांचं असेल, तर एका भागाला चार भाग पाणी. चूक होते ती इथे. लादी आधी धुतली नाही, तर मळच औषध खाऊन टाकतो. फवारून लगेच पुसलं तरी फुकट. दहा मिनिटं ते ओलं राहायला हवं.

(दृश्य: तापाचं शिबिर.)

उन्हाळ्यात पीपीई किट घालून पत्र्याच्या गल्ल्यांतून दारोदार फिरणं डॉक्टरांना फार वेळ झेपणारं नव्हतं. मग वस्तीतच तापाची शिबिरं भरली. त्यात वस्तीतले खासगी डॉक्टरही होते, आणि त्यांच्यामुळे लोक आले. ओळखीच्या डॉक्टरला माणूस ताप लपवत नाही.

उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर लगेच थर्मल गन धरली, तर आकडा चुकतो. आधी थोडा वेळ सावलीत बसवा. पॅरासिटामॉल घेतली आहे का, हे विचारा, कारण गोळीनं ताप झाकला जातो. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरसाठी बोट गरम हवं, त्यावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. ९४ च्या खाली आला, तर रुग्णालय. आकडा बरा असेल, तर सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजा. ३ किंवा जास्त अंकांनी घसरला, तरी रुग्णालयच. या आजारात दम न लागताही रक्तातला ऑक्सिजन उतरतो, म्हणून ‘मला काही होत नाही’ या शब्दावर विसंबायचं नाही.

संशयितांची सोय शाळांमध्ये आणि सभागृहांत झाली. जेवण तिथेच, डॉक्टरही तिथेच. खोलीत न मिळणारं अंतर बाहेर उभं केलं गेलं. आमच्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच.

संसर्ग पूर्ण थांबला, असं मात्र नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या दुसऱ्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं (अँटीबॉडीज), म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण आढळली. झोपडपट्टीबाहेर सुमारे १६ टक्के.

(दृश्य: रिकामी शाळा, भिंतीला टेकवलेले पलंग.)

२५ डिसेंबर २०२०. पहिला रुग्ण सापडल्यापासून प्रथमच धारावीत दिवसभरात एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही. पुढच्या वसंतात आकडे पुन्हा चढले.